"चोच लांब, बारीक" यापुढे नोंदीत काय लिहायचं?

गव्हाणी_मुलुंड

आमचा पक्षी बघणाऱ्यांचा छोटा हौशी गट आहे. भांडूप पम्पिंग, ऐरोली, शिवडी आणि अधूनमधून बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, एवढाच आमचा पट्टा. नव्या माणसांसाठी मराठीत एकपानी नोंदतक्ता तयार करतोय आणि "चोच" या रकान्यावर गाडी अडली आहे.

सध्या त्यात पाच पर्याय आहेत: लांब, आखूड, जाड, बारीक, बाकदार. भरून आलेले तक्ते चाळले तर "लांब, बारीक" ही खूण शेकाट्यापुढे आहे, पाणटिवळ्यापुढे आहे, हिरव्या पायाच्या तुतारीपुढे आहे आणि एका ठिकाणी छोट्या बगळ्यापुढेही आहे. घरी येऊन पुस्तक उघडलं की एवढ्यावरून एकही पक्षी वेगळा काढता येत नाही. ओळखीच्या अ‍ॅपवर विसंबावं तर ते आकार, रंग आणि पक्षी काय करतोय एवढंच विचारतं. चोचीबद्दल अवाक्षर नाही.

जाणकारांना विचारायचंय:

लांबी कशात मोजायची? सेंटिमीटर लांबून कोणाला कळणार.
बाक "थोडा" की "जास्त" यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. त्यावर काही उपाय?
रंगावर किती भरवसा ठेवायचा?
झाडीतल्या छोट्या पक्ष्यांना हाच रकाना चालेल की वेगळा करू?

बहुतेकांकडे ८×४२ दुर्बीण, गटात मिळून एक टेलिस्कोप. कॅमेरा नाही असं धरून सांगा.

---

खाडीकाठ

सेंटिमीटर विसरा. माप पक्ष्याच्या अंगावरच असतं: त्याचं डोकं. चोचीच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर म्हणजे एक डोकं. चोच त्याच्या किती पट, एवढंच लिहायचं.

पक्षी पूर्ण बाजूने दिसत असताना ती चोच मनातल्या मनात मागे दुमडा, डोक्यावर आडवी ठेवा आणि टोक कुठे पोचतं ते बघा. डोळ्याच्या अलीकडे, डोळ्यावर, डोळ्याच्या मागे, मानेवर की थेट पाठीपर्यंत? नव्या माणसाला "दीडपट" म्हणणं अवघड वाटतं, "टोक मानेवर येतं" हे लगेच जमतं.

खाडीवरच्या नेहमीच्या मंडळींची मापं साधारण अशी बसतात. सगळे चिखल्या डोक्याच्या निम्मे किंवा जरा जास्त. छोटा टिलवा डोक्यापेक्षा किंचित कमी. सामान्य तुतारी बरोबर एक डोकं. लाल पायाची तुतारी एक ते सव्वा. हिरव्या पायाची आणि दलदलीतली सडपातळ तुतारी दोघीही दीडच्या आसपास, म्हणजे लांबीवर त्या सुटत नाहीत. त्यांना जाडी लागते, खाली येतो. शेकाट्या पावणेदोन. पाणटिवळा दोन ते अडीच. छोटा कुरल पावणेदोन ते दोन, आणि मोठा कुरल अडीच ते तीन, मादी असेल तर त्याहूनही पुढे.

आता बाक. "थोडासा बाकदार" या दोन शब्दांवर तुमच्या तक्त्यात बंदी घाला. बाक किती आहे यावर भांडण होतं, तो कुठून सुरू होतो यावर होत नाही. चारच पर्याय ठेवा: बाक नाही, मुळापासून, मधून, फक्त टोकाशी. आणि शेजारी दिशा, वर की खाली.

एवढ्यावर किती काम होतं बघा. मोठ्या कुरलची चोच मुळापासून टोकापर्यंत एकसारखी वळत जाते. छोट्या कुरलची पहिली अर्धी जवळजवळ सरळ असते आणि मग खाली वळते. बाकदार चोचीच्या कुरल तुतारीचा वळसा सावकाश आणि सलग असतो, रुंद चोचीच्या तुतारीची चोच सरळ जाऊन अगदी टोकाशी खाली मोडल्यासारखी दिसते. वर वळणाऱ्यांत उचाट सगळ्यात उघड. टेरेक तुतारीची दीड डोकं लांब, मुळाशी पिवळसर आणि सलग वर जाणारी. हिरव्या पायाच्या तुतारीची इतकी कमी वळलेली की पुष्कळ जण तिला सरळच म्हणतील, म्हणून तिथे बाकापेक्षा जाडी विश्वासाची.

जाडी डोळ्याशी ताडून बघा. चोचीच्या मुळाची उंची डोळ्याच्या व्यासाएवढी आहे, कमी आहे की जास्त? हिरव्या पायाच्या तुतारीची चोच मुळाशी भरदार आणि राखाडी, मग निमुळती. दलदलीतल्या तुतारीची मुळापासूनच बारीक, काळी आणि सरळसोट. दोघी शेजारी उभ्या असतील तर सांगावं लागत नाही, एकटी असेल तेव्हा हाच रकाना वाचवतो.

शेवटचं टोक: टोकदार, बोथट, आकडी किंवा चपटं. छोटा आणि मोठा वाळू-चिखल्या हिवाळ्यात अंगाने जवळजवळ सारखे दिसतात. चोच दुमडून बघितली तर छोट्याचं टोक फार तर डोळ्याच्या मागच्या कडेला टेकतं, मोठ्याचं त्याच्या पलीकडे जातं. शिवाय छोट्याची चोच टोकाशी बोथट, मोठ्याची लांब आणि निमुळती.

कुठे फसगत होते तेही तक्त्याच्या मागे छापा:

पक्षी जरा जरी तुमच्याकडे वळलेला असला तरी चोच आखूड दिसते. पलीकडच्या बाजूची भुवई दिसायला लागली की माप घेऊ नका.

गारठ्यात पिसं फुलवून बसलेल्या पक्ष्याचं डोकं मोठं दिसतं, म्हणून पट कमी येते. तो चरायला लागेपर्यंत थांबा.

चोचीच्या टोकाला चिखल असतो. चिखलाने टोक जाड, बोथट, कधी वाकडंही दिसतं. पाण्यात बुचकळून बाहेर काढल्यावरच बघा.

पहिल्या हिवाळ्यातल्या मोठ्या कुरलची चोच अजून पूर्ण वाढलेली नसते. लांबी छोट्या कुरलएवढी भरते आणि नोंद चुकते. तिथे डोक्यावरचे पट्टे बघा: छोट्याच्या टाळूवर दोन गडद पट्टे आणि मध्ये फिकट रेघ असते, मोठ्याचं डोकं नुसतं रेघारेघांचं.

---

पाणथळ_ऐरोली

खाडीकाठ यांनी मापाचं सगळं सांगितलंय. मी जागा आणि वेळ यावर लिहितो, कारण चोच दिसलीच नाही तर तक्ता काय कामाचा.

शिवडी आणि भांडूप दोन्ही ठिकाणी खाडी तुमच्या पूर्वेला असते. सकाळी सूर्य समोरून डोळ्यावर येतो आणि पक्षी काळ्या सावलीसारखे दिसतात. आकार छान कळतो, रंग अजिबात नाही. ऐरोली खाडीच्या पूर्वेच्या काठावर आहे, तिथे सकाळी ऊन पाठीमागून येतं. म्हणून रंगाचा रकाना सकाळी ऐरोलीला आणि दुपारी तीननंतर शिवडीला भरायचा. सकाळच्या शिवडीच्या तक्त्यात "चोच काळी" असं लिहून आलं तर ते खोडून "रंग दिसला नाही" करा.

भरतीचं गणित बघूनच निघा. ओहोटीला पक्षी पाण्याच्या कडेबरोबर लांब जातात, तिथे ८×ने चोचीचा बाक कळत नाही. पूर्ण भरतीच्या अडीच-तीन तास आधी पोचा आणि चढत्या पाण्याबरोबर ते जवळ येऊ द्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी झपाट्याने चढतं, चिखल लवकर बुडतो आणि पक्षी एकदम उठून जातात. त्या दिवशी आणखी अर्धा तास आधी.

टेलिस्कोपवाल्यांसाठी: ऊन तापलं की चिखलावरची हवा थरथरते. साधारण दहानंतर ३०×च्या वर झूम केलंत तर सरळ चोचही लाटेसारखी हलताना दिसते. झूम कमी करा, जवळचा पक्षी निवडा, किंवा बाकाचा रकाना सोडून द्या.

आणखी एक फसवी गोष्ट. पाणटिवळा, टिलवा, पाणलावा या कुळातले पक्षी चोच पूर्ण न उघडता वरच्या भागाचं फक्त टोक वर उचलू शकतात. चिखलात खोल गेलेली चोच पूर्ण उघडायला जागाच नसते, तेव्हा टोकाच्या चिमटीने किडा धरता यावा म्हणून ही सोय. आळस देतानाही ते असं करतात. त्या क्षणी पाणटिवळ्याची चोच टोकाशी वर वळलेली दिसते आणि कोणीतरी "पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा!" म्हणून ओरडतो. चोच मिटल्यावर परत बघा. आणि तो उडाला की पंख बघा: काळ्या शेपटीवाल्याच्या पंखावर रुंद पांढरा पट्टा असतो, पट्टेरीवाल्याला तो नसतो.

तक्त्यात "चोचीने काय करत होता" असा रकाना जरूर घाला. चोच नीट दिसली नाही तरी हालचाल तिचा आकार सांगते. चिखल्या पळतो, थांबतो, एकदाच टोचतो: आखूड चोच, डोळ्यांनी शिकार. पाणटिवळा शिवणयंत्राच्या सुईसारखा एका जागी खालीवर, कित्येकदा डोळ्यापर्यंत पाण्यात. उचाट आणि चमच्या चोच पाण्यात ठेवून डावीकडून उजवीकडे फिरवतात. मोठा कुरल बिळात चोच घालून मान पिळतो, कारण खेकड्याचं बीळ सरळ नसतं.

रोहित (फ्लेमिंगो) हे वेगळंच प्रकरण. डोकं उलटं करून खातात, म्हणून खाताना चोचीचा वरचा भाग खाली असतो. तक्ता भरताना "वरचा" म्हणजे मान सरळ असतानाचा वरचा, हे स्पष्ट लिहा, नाहीतर गोंधळ नक्की. इतर पक्ष्यांत वरचा भाग मोठा आणि खालचा लहान असतो. रोहितात खालचा भाग खोल पन्हाळीसारखा आणि वरचा त्यावरच्या झाकणासारखा पातळ. चोच मधोमध खाली मोडलेली, म्हणून डोकं उलटं केलं की टोकाकडचा भाग पाण्याला समांतर येतो. जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे होते, पाणी आत ओढते आणि कडांच्या दातऱ्यांमधून बाहेर ढकलते. छोट्या रोहितच्या दातऱ्या फार बारीक, तो सूक्ष्म शैवाल गाळून खातो. मोठ्याच्या जाडसर, त्याला कोळंबीसारखे छोटे जीव आणि किडे लागतात. ओळखायला मात्र रंग पुरतो: मोठ्याची चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं, छोट्याची पूर्ण गडद लाल, लांबून काळीच वाटते. पिल्लांच्या चोची दोन्हींच्या राखाडी, तेव्हा उंची बघा.

---

बगळेबुवा

रंगावर भरवसा किती, हा तुमचा तिसरा प्रश्न. उत्तर: रंग कुठल्या भागावर आहे यावर भरपूर, नुसत्या रंगावर कमी. "चोच लाल" लिहू नका. "मुळाचा अर्धा भाग लाल, टोक काळं" लिहा. वरचा भाग आणि खालचा भाग वेगळे लिहा. छोट्या खंड्याच्या नराची चोच पूर्ण काळी आणि मादीच्या खालच्या भागावर नारिंगी रंग. एका रकान्यात "काळी" लिहिलंत की ही माहिती गेली.

ऋतूप्रमाणे रंग बदलतो, आणि त्याचा सगळ्यात जास्त त्रास बगळ्यांत होतो. मोठ्या बगळ्याची चोच एरवी पिवळी, विणीच्या काळात काळी. मधल्या बगळ्याचंही तसंच. म्हणजे जूनमध्ये काळी चोच दिसली म्हणून तो छोटा बगळा ठरत नाही. मोठा आणि मधला वेगळे करायला रंग सोडा आणि तोंडाची फट बघा. चोच जिथे उघडते ती रेघ मोठ्या बगळ्यात डोळ्याच्या मागपर्यंत जाते, मधल्यात डोळ्याच्या खालीच संपते. बाजूने आणि जवळून दिसला तर यावर वाद राहत नाही.

छोट्या बगळ्याची चोच काळी आणि बारीक, बाराही महिने. समुद्र बगळा पांढऱ्या रूपातही असतो आणि इथेच मुंबईत लोक अडखळतात. त्याची चोच जास्त जाड, खाली किंचित झुकलेली आणि पिवळट ते तपकिरी. काळी कुळकुळीत नाही. गायबगळ्याची आखूड, पिवळी, आणि चोचीखाली पिसांचा फुगवटा असल्यामुळे हनुवटी भरल्यासारखी. विणीच्या ऐन दिवसांत तीच चोच लालसर होते.

चिमणीच्या नराची चोच विणीच्या काळात काळी, एरवी मातकट. म्हणून तक्त्यावर तारीख पाहिजेच. ती नसेल तर रंगाचा रकाना निम्मा वाया.

कुरवांबद्दल (म्हणजे गल, कुरल नव्हे) थोडक्यात. तपकिरी डोक्याचा कुरव: लाल चोच, टोक काळं. बारीक चोचीचा कुरव: चोच लांब, कपाळ उतरतं, त्यामुळे डोकं पुढे ओढल्यासारखं. मोठ्या कुरवांच्या पिवळ्या चोचीवर खालच्या भागाच्या टोकाजवळ लाल ठिपका. पल्लासच्या कुरवाला पिवळ्या चोचीवर काळा पट्टा आणि पुढे लाल टोक. पिल्लांत हे काही दिसत नाही, फिकट चोच आणि काळं टोक एवढंच, तेव्हा तिथे आकारावर या.

बदकांत दोन सोपी: हळदी-कुंकू बदकाची काळी चोच, पिवळं टोक आणि मुळाशी लाल ठिपका, थापट्याची चोच डोक्याहून लांब आणि टोकाला मुळापेक्षा रुंद. पोहतानाही चोचीचं वजन पुढे असल्यासारखा दिसतो.

---

गव्हाणी_मुलुंड

सगळ्यांचे मनापासून आभार. चोच दुमडून बघायची युक्ती आणि "बाक कुठून" हे दोन्ही घेतोय.

मग "सुईसारखी", "विळ्यासारखी", "चमच्यासारखी" या उपमा पूर्ण काढून टाकू का? मुलांना त्याच लक्षात राहतात. आणि झाडीतल्यांचं अजून कोणी सांगितलं नाही. चिमणीएवढ्या पक्ष्याची चोच दोन सेकंद दिसते, तिथे पट कोण मोजणार?

---

खाडीकाठ

उपमा ठेवा, पण मापानंतर. "विळ्यासारखी" मध्ये मोठा कुरल बसतो, शराटी बसतो, वेडा राघू बसतो आणि शिंजीरही बसतो. खाडीवर सकाळच्या उलट्या उजेडात मोर शराटी आणि मोठा कुरल सावलीत सारखेच वाटतात. तिथे उपमा गप्प बसते आणि जाडी बोलते: शराटीची चोच मुळाशी चांगली जाड आणि टोकाला बोथट, कुरलची मुळापासून सडपातळ आणि टोकाकडे आणखी बारीक. "चमच्या" हे एकच नाव असं की उपमेवर काम भागतं, कारण तशी दुसरी चोच आपल्याकडे नाही.

---

झाडीतला_सुभग

झाडीतल्यांना पट मोजायची नाही, बरोबर. तिथे तीनच प्रश्न विचारायचे, आणि ते याच क्रमाने.

पहिला: चोच शंकूसारखी की बारीक? मुनिया, चिमणी, सुगरण यांची शंकूची. बी दाबून फोडायला मुळाशी खोली लागते. मुनियात चोचीची वरची कड आणि कपाळ जवळजवळ एका रेषेत जातात, चिमणीत मध्ये थोडा खळगा दिसतो. लांबून पिसांचे रंग मातकट वाटले तरी ही रेषा कळते.

दुसरा: बारीक असेल तर सरळ की वळलेली? शिंजीर वळलेला. इथे मात्र लांबी कामाला येते. जांभळा शिंजीर आणि लांब चोचीचा शिंजीर हे दोन्ही नर सावलीत काळे दिसतात. जांभळ्याची चोच डोक्याएवढी किंवा जराशीच जास्त, दुसऱ्याची डोक्यापेक्षा उघड उघड लांब आणि पूर्ण लांबीभर वळलेली. फुलटोच्याला लोक शिंजिराची मादी समजतात. टिकेलच्या फुलटोच्याची चोच आखूड, बारीक, मांसल गुलाबी रंगाची. जाड चोचीच्या फुलटोच्याची राखाडी, आखूड आणि त्या अंगाच्या मानाने फारच दणकट. तो बसल्या जागी शेपटी डावी-उजवीकडे हलवत असतो, ती खूण चोचीआधी दिसते. बांडगुळाच्या फळांवर दोघेही येतात, तेव्हा इमारतीसमोरच्या आंब्यावर बांडगूळ असेल तर तिथेच उभे राहा.

तिसरा: खालून बघितल्यावर रुंद की अरुंद? हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि तोच सगळ्यात उपयोगाचा. झाडावरचा पक्षी आपल्याला बहुतेक वेळा खालूनच दिसतो. माशीमार आणि नाचण यांची चोच खालून त्रिकोणी, मुळाशी रुंद, कडेला राठ केस. बाजूने तीच चोच बारीक वाटते आणि पक्ष्याची नोंद वटवट्या म्हणून होते. पर्णवटवट्याची चोच खालूनही अरुंदच. वेडा राघू बरोबर उलटा: त्याची चोच बाजूंनी चेपलेली, म्हणून बाजूने उंच आणि समोरून पातळ.

हिवाळ्यात राष्ट्रीय उद्यानात लाल छातीचा माशीमार आणि तैगा माशीमार या दोघांच्या माद्यांवर दरवर्षी चर्चा रंगते. खालच्या भागाचं मूळ फिकट असेल तर लाल छातीचा, चोच जवळजवळ पूर्ण काळी असेल तर तैगा. उजेड खालून परावर्तित होत असेल तर काळी चोचही फिकट दिसते, म्हणून एका फांदीवरून निर्णय नको. तो दुसऱ्या फांदीवर गेला की पुन्हा बघा. शेपटीवरची वरची पिसं तैगात शेपटीपेक्षाही काळी असतात, ती दुसरी साक्ष.

मे-जूनमध्ये एक चूक ठरलेली. नुकत्याच घरट्याबाहेर पडलेल्या पिल्लांच्या तोंडाच्या कोपऱ्यांत पिवळी मऊ घडी असते. त्यामुळे चोच रुंद आणि पिवळी दिसते आणि दयाळाच्या पिल्लाचा भलताच पक्षी होतो. कोपरा पिवळा, शेपटी आखूड, तर आधी "पिल्लू" लिहा, मग चोचीकडे वळा.

मोठ्यांपैकी कावळे सोपे. घरकावळ्याची चोच सडपातळ, डोमकावळ्याच्या चोचीची वरची कड कमानदार आणि कपाळ तिथून उभं चढतं. मानेचा राखाडी रंग सावलीत कळला नाही तरी हे कळतं. तांबटाची आखूड, जाड, मुळाशी राठ केसांची. खाटकाच्या चोचीला टोकाशी आकडी आणि तिच्या मागे एक दात, ससाण्यालाही तसाच दात असतो. घारीला नसतो. पण तो दात दिसण्याइतका ससाणा जवळ आला तर ओळखायला चोच लागणारच नाही.

---

टिपणवही

तक्त्याच्या मांडणीबद्दल, कारण चांगला प्रश्नही वाईट रकान्यात मरतो.

शब्दांऐवजी डोकं छापा. २ सेंटिमीटरचं डोकं बाजूने, डोळ्यासकट, आणि चोचीची जागा कोरी. त्यापुढे फिकट ठिपके ओढा: १ डोकं म्हणजे २ सेंटिमीटरवर, दीडचा ३ वर, दोनचा ४ वर, तीनचा ६ वर. भरणाऱ्याने त्या ठिपक्यांच्या आधाराने चोच काढायची. मोठ्या कुरलची मादी धरली तरी ९ सेंटिमीटर रुंदीची चौकट पुरते. चित्रकला येत नाही म्हणणाराही बाक कुठून सुरू होतो हे बरोबर काढतो. डोळ्यातून पुढे एक आडवी तुटक रेघ द्या, तिच्यापासून टोक किती खाली किंवा वर जातं ते आपोआप दिसतं.

शेजारी खुणा करायचे रकाने आणि क्रम असा ठेवा: आधी कोन (बाजूने, तिरपा, समोरून). कोन "तिरपा" असेल तर लांबी भरायचीच नाही. मग बाक कुठून आणि कुठे, मुळाची जाडी डोळ्याच्या मानाने, टोक, वरच्या भागाचा रंग, खालच्या भागाचा रंग, चोचीने काय करत होता. उजेड समोरून की पाठून हा शेवटी एक चौकोन.

प्रत्येक रकान्यात "नाही" आणि "दिसलं नाही" असे दोन वेगळे चौकोन हवेतच. हे एक झाले की नंतर कोणालाही काही ठरवता येत नाही. काळं टोक नव्हतं ही माहिती आहे, काळं टोक बघायला जमलं नाही ही वेगळी.

पेन्सिल वापरा. खाडीवरच्या दमट हवेत जेल पेन पसरतं, पावसाळ्यात तर विचारूच नका.

---

गव्हाणी_मुलुंड

कोऱ्या डोक्याची कल्पना उत्तम, तसाच करतो. खाडीसाठी पुढचं पान आणि झाडीसाठी मागचं, मागच्या बाजूला सुभग यांचे तीन प्रश्न. खालून बघितलेल्या चोचीसाठी तिथे दुसरं कोरं डोकं, खालून काढलेलं.

एक शेवटची शंका. राखी धनेशाच्या चोचीवरचं शिंग मुळाच्या जाडीत धरायचं का?

---

झाडीतला_सुभग

नाही. जाडी शिंगाच्या खालून मोजा आणि शिंगाला वेगळी ओळ द्या: आहे की नाही, टोकदार की बोथट, चोचीच्या किती लांबीपर्यंत येतं. आपल्या राखी धनेशाचं शिंग छोटं आणि टोकदार. घाटातल्या मलबारी राखी धनेशाला शिंग नसतंच. पण राखी धनेशाच्या पिल्लालाही सुरुवातीला शिंग जवळजवळ नसतं, म्हणून "शिंग नाही" एवढ्यावर मलबारी लिहू नका. शेपटीच्या टोकाकडे बघा: राखी धनेशाच्या शेपटीला टोकाआधी काळसर पट्टा आणि मग पांढरं टोक असतं.

---

गव्हाणी_मुलुंड

शिंगाची ओळ मागच्या पानावर घातली.